दंडावरचा चट्टा

"डॉक्टर, हा पांढरा डाग... तो नाही ना?" असं विचारताना रुग्ण आवाज खाली आणतात. कुष्ठरोगाचं नाव कोणी घेत नाही. मला त्यांचं हसू येत नाही, कारण एकदा हाच प्रश्न मी स्वतःला विचारला आहे.

एमबीबीएस झाल्यावर मी दोन वर्षांसाठी एका मिशन हॉस्पिटलमध्ये गेलो. आमचं घर ख्रिस्ती. येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, ही गोष्ट संडे स्कूलपासून पाठ. वॉर्डात मात्र मी दोन-दोन ग्लोव्हज चढवायचो. जखमेच्या ड्रेसिंगला ग्लोव्हज हवेतच, पण मी ते नाडी बघतानाही काढत नसे. एक बाबा होते, बोटं आखडलेली. रोज हात पुढे करायचे. मी मान डोलावून पुढच्या खाटेकडे वळायचो.

चौथ्या महिन्यात माझ्याच दंडावर फिकट डाग दिसला. त्या रात्री प्रार्थनेला बसलो, पण "हा तो नसो" याच्या पलीकडे शब्द सुचेनात. बॅग भरून घरी जावं, असंही मनात आलं. पहाटे कधीतरी वाटलं, समजा असला, तर माझ्यासाठी गोळ्या आहेत. बाबांना त्या मिळेपर्यंत बोटं गेली होती. आणि ज्याच्या नावाने मी इथे आलो, त्याने हात लावण्याआधी कुठली तपासणी मागितली होती?

तपासणी नऊ वाजता होती. मी आठलाच वॉर्डात गेलो आणि बाबांचा हात धरला. मोकळ्या हाताने.

नऊ वाजता सरांनी कापसाचं टोक डागावर फिरवलं. स्पर्श स्वच्छ कळत होता. "शिबं आहेत, मलम लाव," म्हणाले आणि हसले, "चार महिन्यांत? अरे, या जंतूला लक्षणं दाखवायला सरासरी पाच वर्षं लागतात!" हे मी परीक्षेत लिहिलं होतं. भीतीपोटी सगळं विसरलो होतो.

मग त्यांनी डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट सांगितली. ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. एकदा लंडनला रेल्वेच्या लांब प्रवासानंतर त्यांना टाच बधिर वाटली. टाचणी टोचली, कळ नाही. रात्रभर झोप नाही. सकाळी पुन्हा टोचली आणि कळ आली, तेव्हा त्यांना आनंद झाला! एका बाजूला बसून नस दबली होती, इतकंच.

कुष्ठरोगाची बोटं आपोआप झडत नाहीत, हे दाखवण्यात ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. जंतू नसांना इजा करतो, वेदना कळत नाही. मग चटका, खिळा, घट्ट चप्पल यांच्या जखमा चिघळत जातात.

म्हणून डाग दिसला तर आधी बघा, तिथे स्पर्श कळतो का? बधिर असेल तर लगेच दाखवा. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्ग होत नाही. हस्तांदोलनाने तर तो होतच नाही. शिवाय बहुतेकांच्या शरीरात या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती असतेच.

बाबांच्या पंजाला माझा स्पर्श कळला नसणार. त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी मी खाटेजवळ पोचायच्या आतच हात पुढे होता.