वाघाच्या मावशीचे ताट

आमच्या ओट्यावर लोक नाना तऱ्हेच्या अडचणी घेऊन येतात. शेताच्या बांधाची भांडणे येतात, सोयरिकी येतात, शाळेच्या प्रवेशासाठी लागणारी पत्रे तर जून महिन्यात रोजचीच. परंतु मांजराने काय खावे, हा प्रश्न घेऊन कुणी आमच्याकडे येईल असे आम्हांला कधी वाटले नव्हते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर अळणावरातील एक वृद्ध माता छत्री मिटून दारात उभी राहिली आणि तिने तोच प्रश्न घातला.

हकीकत अशी. तिचा मुलगा गोव्यात नोकरीस आहे. तेथून त्याने लांब केसांचे एक पांढरे मांजर घरी आणले. आईला त्याचे विशेष काही वाटले नाही, कारण भाताच्या कणगीपाशी उंदीर आमच्या गावाला नवे नाहीत, आणि ज्या घरी मांजर नाही त्या घरी पोत्यांना भोके असतात. परंतु हे मांजर उंदराकडे ढुंकूनही पाहीना. मुलाने मोबाईलवर कोठेसे वाचले होते की, शिजवलेले अन्न मांजराच्या प्रकृतीविरुद्ध आहे, त्याला कच्चे मांसच द्यावे. म्हणून तो सुटीवर आला की रोज संध्याकाळी कोंबडीचे कच्चे तुकडे नि कलेजी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बशीत मांडली जात, आणि तो परतल्यावर ते काम सुनेकडे येई. सून चार महिन्यांची गरोदर होती. शेजारच्या एका परिचारिकेने सहज सांगितले, मांजरामुळे पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला अपाय होतो. झाले! घरात दोन पक्ष पडले.

"फादर, तुम्ही सांगाल तसं करते," ती म्हणाली. "नाही तर त्याला गोणीत घालून दांडेलीच्या गाडीत सोडून देते. मुलगा रागावला तर रागावू दे."

"आजी, आठ दिवस थांबा," आम्ही म्हणालो. "तोवर सुनेला त्या बशीला हात लावू देऊ नका."

आठ दिवस मागून घेण्याचे खरे कारण सांगताना आम्हांला थोडा संकोच होतो. आमच्याही बंगल्यात एक करडी मांजरी आहे. बाजाराच्या दिवशी कोंबडीवाला आमच्यासाठी आतड्यांची व काळजाची पिशवी बांधून ठेवी, आणि आम्ही ती तशीच कच्ची मागच्या पडवीत तिच्यापुढे रिकामी करीत असू. त्याच पडवीत प्रश्नोत्तराच्या वर्गाची मुले पावसात बसतात. आपण काय करतो आहोत, हे इतकी वर्षे आम्ही मनाशीदेखील विचारले नव्हते. म्हणून धारवाडच्या एका पशुवैद्यांना भेटलो, काही वाचन केले, आणि जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम त्या मुलाची बाजू. तो अगदीच चुकीचे बोलत नव्हता. मांजर हा संपूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. कुत्र्याचे भाकरीवर निभते, मांजराचे निभत नाही. टॉरीन नावाचे एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो. 'अ' जीवनसत्त्व आपण गाजरातून मिळवतो, मांजराच्या देहात ती किमया नाही. तेव्हा दूध-भात घालून मांजर वाढवणाऱ्या आपल्या घरांतून ते धडधाकट राहते, ते चोरून खाल्लेल्या उंदरांच्या बळावर, आपल्या दूध-भाताच्या नव्हे.

कच्च्या मांसाचा पुरस्कार करणारे लोक अमेरिकेतील डॉ. फ्रान्सिस पोटेंजर यांचे नाव घेतात. त्यांनी १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात शेकडो मांजरांवर अनेक वर्षे प्रयोग केले. काहींना कच्चे मांस, काहींना शिजवलेले. शिजवलेले खाणारी मांजरे पिढीगणिक खालावत गेली. यावरून अग्नीच मांजराचा वैरी, असा निष्कर्ष लोकांनी काढला. परंतु टॉरीनचे महत्त्व त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. त्याच्या अभावी मांजराचे डोळे जातात हे १९७५ च्या सुमारास कळले आणि हृदय बिघडते हे १९८७ मध्ये. हे द्रव्य पाण्यात विरघळते, मांस उकडून पाणी ओतून दिले की त्यातील बराच भाग मोरीत जातो. म्हणजे आजच्या ज्ञानाने पाहता दोष विस्तवाकडे जात नाही, फेकून दिलेल्या पाण्याकडे जातो. ही गोष्ट आम्हांला मोठी उद्बोधक वाटली. आमच्या स्वयंपाकीण बाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "पेजेचं पाणी फेकू नये, हे आमची आजीपण सांगायची."

मग मांजर रानात उंदीर कच्चाच खाते, त्याचे काय? देवाने त्याला तसेच घडवले ना? हा मुलाचा बिनतोड वाटणारा सवाल. घडवले खरे. परंतु उंदीर हे ताजे, एका घासाचे, हाडे-काळजासह पुरे जेवण असते. कोंबडीच्या दुकानातील मांसाची कथा निराळी. एका ओंडक्यावर दिवसभरात कित्येक कोंबड्या कापल्या जातात, एकाच सुरीने, एकाच बादलीत धुतल्या जातात, आणि एकीच्या आतड्यातील घाण साऱ्यांच्या मांसाला लागते. ते मांस दुपारपर्यंत टांगलेले राहते. आपण ते घरी आणून चांगले उकळतो म्हणून निभावते. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. त्यांपैकी १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया हे रोगजंतू निघाले. ते तर बहुतेक गोठवलेले खाद्य होते. मांजराला त्यामुळे प्रत्येक वेळी काही होतेच असे नाही. ते ठणठणीत दिसते, पण त्याच्या तोंडातून, विष्ठेतून जंतू घरात फिरतात आणि रांगते मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते.

बर्फात ठेवल्याने जंतू मरतात, अशी एक समजूत आहे. ते बहुतांशी निजतात, मरत नाहीत.

आता त्याहून गंभीर गोष्ट. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. तिच्या भाच्यांवर नागपुरात काय ओढवले ते पाहा. गोरेवाडा येथील प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या थोड्या दिवसांच्या अंतराने मेले. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्यांचे नमुने तपासले आणि जानेवारी २०२५ च्या आरंभी निर्वाळा दिला की, त्यांना एच५एन१ या विषाणूने गाठले, म्हणजे बर्ड फ्लूने. पिंजऱ्यातला वाघ शिकार करीत नाही, त्याला मांस घातले जाते, त्यामुळे संशय कच्च्या कोंबडीच्या मांसावर गेला आणि महाराष्ट्रातील प्राणिसंग्रहालयांना सावधानतेचा इशारा देण्यात आला. त्याच जानेवारीत नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात घरगुती मांजरांतही हाच विषाणू आढळला. थायलंडमधील एका व्याघ्रसंग्रहालयात तर २००४ च्या ऑक्टोबरात कोंबड्यांचे कच्चे मांस खाऊन रोग शिरला, आणि सुमारे ४४० वाघांपैकी १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. आमच्या कर्नाटकातही २०२५ च्या आरंभी बळ्ळारी व चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांत कोंबड्यांवर ही साथ आली होती. अळणावरच्या बाजारातील कोंबडी रोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. बिचाऱ्या दुकानदाराचा त्यात काय दोष? परंतु रोगी कोंबडी नेहमी रोगी दिसते असे नाही, आणि या विषाणूने मांजर आजारी पडले तर ते क्वचितच वाचते. उलट ७० अंशांच्या उष्णतेपुढे हा विषाणू टिकत नाही. एक चांगली उकळी आली की काम झाले.

राहिली सुनेची गोष्ट, जिच्यासाठी हे सारे आरंभले. परिचारिका म्हणाली ते खोटे नव्हते, अर्धे होते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परोपजीवी आहे. त्याची बीजे केवळ मांजरकुळाच्या पोटात तयार होतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. गरोदर स्त्रीला याची लागण आयुष्यात प्रथमच त्या काळात झाली, तर गर्भाला अपाय होऊ शकतो. येथवर बाई बरोबर. परंतु मांजराला तो मिळतो कोठून? उंदीर-पक्ष्यांची शिकार केल्याने, नाही तर कच्च्या मांसातून. हे पांढरे मांजर घराबाहेर पडत नव्हते, उंदीर मारीत नव्हते. त्याला हा रोग होण्याचा जो काही मार्ग घरात होता, तो ती बशीच होती! शिवाय लागण झालेले मांजर साधारणपणे एकदाच, आठवडा-दोन आठवडे बीजे टाकते, आणि ताजी विष्ठा लगेच बाधत नाही. बीजे पक्व व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून रोजच्या रोज घाण काढली, आणि ती सुनेखेरीज दुसऱ्याने काढली, की भय फारच उणे होते. आणि खरे सांगायचे तर माणसांना हा रोग अर्धवट शिजलेल्या मांसातून, परसातल्या मातीतून, न धुतलेल्या कोथिंबिरीतूनही होतो. सुनेने मांजर सोडून कच्चे मांस हाताने कापले असते आणि हात न धुता भाकरी थापली असती, तरी संकट तेच होते.

आठ दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. सुदैवाने मुलगाही आला होता. तो प्रथम थोडा ताठ बसला. वाघांची गोष्ट ऐकल्यावर मात्र त्याने मांजराला मांडीवर घेतले आणि विचारले, "मग फादर, याला घालायचं काय?"

पशुवैद्यांनी सांगितलेले आम्ही सांगितले. कोंबडीचे मांस, त्यात हृदय अवश्य, कारण टॉरीन हृदयात भरपूर असते, थोड्या पाण्यात उकळावे, आणि ते पाणी निववून मांसासोबतच द्यावे. मीठ-मसाला काही नको. कांदा-लसूण तर मांजराला विषच, त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आपल्या ताटातला रस्सा कितीही जीव लावला तरी घालू नये. शिजलेली हाडे काढून टाकावीत, ती टोकदार फुटून घशात रुततात. कलेजी आठवड्यातून एखादे वेळी, रोज नव्हे. काही माशांत 'ब१' जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, म्हणून मासळीही शिजवूनच. दूधसुद्धा तापवूनच. नुसत्या मांसात चुन्याचा अंश फार थोडा, त्यावर वाढलेल्या पिल्लांची हाडे वाकतात. म्हणून निम्मे पोट तरी मांजरांसाठी तयार केलेल्या कोरड्या खाद्यावर भरावे, हे पशुवैद्यांचे मत. खर्चाचा प्रश्न येतो खरा, पण गोव्याहून मांजर आणणाऱ्याने तो सोसावा, असे आम्ही मुलाला हसत सांगितले.

सुनेला आम्ही डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घेण्यास सुचवले. पूर्वी लागण होऊन गेली आहे की नाही ते त्यात कळते. तिची लागण झालेली नव्हती. म्हणजे जपणे जरूर होते. तेव्हापासून मांजराची मातीची पेटी रोज सकाळी सासूबाईच साफ करू लागल्या, ज्यांनी त्याला गाडीत सोडायचे ठरवले होते त्याच. तोंडाने शिव्या चालू, हाताने काम चालू.

कार्तिकाच्या थंडीत त्या घरी मुलगी जन्मली. बाप्तिस्म्याच्या दिवशी आम्ही जेवायला गेलो तेव्हा चुलीच्या एका कोपऱ्यात लहानसे पातेले वेगळे ठेवलेले दिसले. आम्ही झाकण उचलणार, तोच आजी ओरडल्या, "फादर, ते तुमचं नाही!"

आमच्या पडवीतली करडी मांजरी मात्र उकडलेल्या काळजाकडे पहिले दोन दिवस पाठ करून बसली होती. तिसऱ्या दिवशी भुकेने खाल्ले. उंदीर ती अजूनही मारते, त्याला आमचा इलाज नाही, म्हणून पडवी रोज धुतली जाते आणि मुलांचा वर्ग आत दिवाणखान्यात भरतो.