केंबरं

पिकलेलं उंबर आधी फोडायचं, मग फुंकर मारायची आणि मग तोंडात टाकायचं. हा क्रम आम्हाला कुणी शिकवला नव्हता. फोडलं की आतून बारीक काळी चिलटं उडायची. आजी त्यांना केंबरं म्हणायची. घरात कुणी जुनं प्रकरण उकरायला बसलं की तिचं ठरलेलं वाक्य असायचं, “उगाच उंबर फोडून केंबरं उडवू नका.”

परवा विहिरीजवळच्या झाडाखाली ब्लेड आणि भिंग घेऊन बसले, ते नेमकं तेच करायला. नुकतं तांबूस होऊ लागलेलं उंबर चिरलं. क्वचितच दिसणाऱ्या गोष्टीला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. इथे आतली भिंत फुलांनीच खचाखच भरलेली. उंबर म्हणजे आत वळलेली, तोंड मिटलेली फुलांची परडीच. त्या अरुंद तोंडातून केंबराची मादी आत घुसते, घुसताना पंख गमावते. छातीवरच्या खिशांतून आणलेले पराग फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. (हे उपासाच्या दिवशी आठवू नये.)

पुढची पिढी आतच वाढते. भिंगाखाली एक नर सापडला: पिवळसर, बिनपंखांचा, जबडाच तेवढा भक्कम. मादी आपल्या कोठडीत असतानाच नर बाहेरून भोक पाडून तिच्याशी मीलन करतो. मग सगळे नर मिळून उंबराच्या सालीपर्यंत बोगदा खणतात. माद्या पराग भरून घेतात आणि त्या वाटेने उडून जातात. नर मागे राहतात.

‘उंबरातला किडा’ ही शिवी मीही सढळ हाताने वापरली आहे, विशेषतः गाव न सोडणाऱ्या नातेवाइकांसाठी. ती मादीला तर मुळीच लागू पडत नाही. तिचं बाहेरचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. पण नामिबच्या वाळवंटात उंबराच्या एका आफ्रिकी भाऊबंदाचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. झाडांची आनुवंशिक तपासणी केल्यावर दिसलं, की या किटुकल्या वाऱ्यावर स्वार होऊन १६० किलोमीटरपर्यंतही पराग नेतात. आणि नराला तरी ती शिवी कशी द्यायची? ज्या वाटेने त्याला जायचं नाही, ती वाट तोच खणतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं आपल्याच उंबराचा पिच्छा पुरवला. त्यांच्या कामात मला सर्वांत आवडले ते सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे हे जंत उंबरातच वाढतात, पण पंख नाहीत, पाय नाहीत; फळ संपलं की जग संपलं. म्हणून ते शेपटीवर उभे राहून डोकं हलवत गाडीची वाट बघतात. गाडी म्हणजे उडू घातलेली मादी. वासावरून आणि कार्बन डायऑक्साइडवरून ते नेमकी ताजी, निघायच्या बेतातली मादी ओळखतात. आधीच किती जण चढलेत, यावरही त्यांची निवड ठरते. मोजके प्रवासी असले तर मादीला काही जाणवत नाही. गाडी भरली की मात्र तिचं आणि पुढच्या उंबराचंही नुकसान होतं. आमच्या वडापवाल्याला हे गणित अजून जमलेलं नाही.

शिवाय बाहेरूनच सुई टोचून अंडी घालणाऱ्या केंबरांच्या फुकट्या जाती आहेतच. त्यांतल्या एकीची सुई केसाहून बारीक असते आणि तिच्या टोकाच्या दातांत चक्क जस्त सापडलंय. कच्चं उंबर पोखरायचं म्हणजे धार हवीच. या फुकट्यांवर पानं शिवून घरं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, आमच्या ओंबिली, टपून असतात. उंबराच्या आणि केंबरांच्या वासावर त्या येतात.

भिंग खाली ठेवलं तेव्हा समोरच्या घोसातल्या एका उंबराला टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं. त्यातून पिवळसर डोकं बाहेर आलं. ओंबिलीने ते लगेच धरलं आणि ओढत नेलं. भोक मोकळं झालं. थोड्या वेळाने एक काळी मादी काठावर आली, तिने मिशा पुसल्या, दोनदा पंख झटकले आणि विहिरीवरून पलीकडे गेली.