नाव शहराचे, घाम डोंगराचा

नागपुरी संत्री सीताबर्डीच्या रस्त्यावर पिकत नाहीत, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. तरी फळवाल्याच्या तोंडी नाव नागपूरचेच! खेड्याने पिकवावे आणि शहराने मिरवावे, अशी जगाची रीतच आहे. या रीतीचा ठसठशीत नमुना मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पोर्तुगालात पाहायला मिळाला. भाची तेथे नोकरीला आहे. "मामा, मामीला घेऊन एकदा याच," असा तिचा धोशा होता. शेवटी आम्ही दोघे गेलो.

पोर्तो हे शहर दौरो नदीच्या मुखाशी, चढउतारावर वसले आहे. लाल कौले, भिंतींवर निळ्या फरशा आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे. गिरगावच्या माणसाला येथे परके वाटू नये! साँव बेंतु स्टेशनात जोर्जे कोलासो या चित्रकाराने सुमारे 20,000 निळ्या फरशांवर चित्रे रंगवली आहेत. ती पाहताना आमची गाडी चुकता चुकता राहिली. शरद ऋतूत चौकाचौकांत भाजत्या चेस्टनटांचा धूर दरवळतो. आमच्या हिला तर तेवढ्यानेच शहर आवडले.

नदीवर 1886 सालचा दुमजली लोखंडी पूल आहे. पलीकडच्या गाया गावात लांबच लांब कोठारे आहेत आणि त्यांत पोर्ट मद्याची पिंपे वर्षानुवर्षे मुरत पडलेली असतात. मद्याला नाव या शहराचे. पण त्याची द्राक्षे पिकतात नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे शंभर किलोमीटरवर आणि त्याही पुढे.

तिकडे आगगाडी जाते. जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी. बऱ्याच वेळाने नदी जी रुळांशेजारी येते, ती मग सोबत सोडत नाही. द्राक्षांची तोडणी उरकली होती. उघड्या वेलींची पाने पिवळी, तांबडी, किरमिजी झाली होती. "डोंगरावर कुणी हळदीकुंकवाची तबके उपडी केली का हो?" ही म्हणाली. मी कादंबऱ्या लिहितो, पण मला हे सुचले नव्हते.

पिन्यांवला उतरलो आणि डोंगर जवळून पाहिला. तेथे माती अशी नाहीच. आहे तो पापुद्र्यांचा दगड. पहारींनी तो फोडायचा, चुन्याशिवाय त्याचेच बांध रचायचे आणि पायरीपायरीवर वेली लावायच्या. कोकणातल्या उतारावरची भाताची खाचरे डोळ्यांपुढे आणा आणि त्यांतले पाणी काढून टाका! मारांव पर्वत समुद्राचा पाऊस अडवतो, म्हणून नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असे तेथील लोक म्हणतात. वेलीची मुळे दगडाच्या फटींतून खोल ओल शोधत जातात. मार्क्विस द पोंबालच्या अमलात, 1756 साली या प्रदेशाची हद्द कायद्याने आखली गेली. जगातल्या अशा पहिल्या हद्दींपैकी ही एक. पुढे 1860 नंतर अमेरिकेतून आलेल्या एका सूक्ष्म किडीने मुळेच खाल्ली. अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण सगळ्या नव्हे. कित्येक पायऱ्यांवर आज झुडपे माजली आहेत. बांध मात्र तसेच आहेत.

आम्ही उतरलो त्या घरची आजीबाई सत्तरीची. तरुणपणी द्राक्षे कशी तुडवीत, ते तिने सांगितले. दिवसभर तोडणी करायची आणि रात्री दगडी हौदात गुडघाभर रसात उतरायचे. खांद्याला खांदा लावून एका तालावर पावले टाकायची. मग कुठे ॲकॉर्डियन वाजे आणि नाच सुरू होई. भाची मराठीत सांगत होती. पण मध्येच 'पगार' हा शब्द मला थेट कळला. तो आपण त्यांच्याकडूनच घेतला ना! एवढ्या कष्टांचा पगार किती, असे हिने विचारले. आजी नुसती हसली.

मग तिने बोटाने बांध दाखवले. तो आजोबांनी रचलेला, हा वडिलांनी. त्या पलीकडचा गेल्या पावसात ढासळला. चुन्याशिवाय दगड बसवणारा गवंडी आता मिळत नाही. मुलगे शहरात आहेत. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. घरातले कोण कोण आता नाही, हे पाहुण्याला सांगावे, तसे ती सांगत होती.

निघताना तिने चिमुकल्या पेल्यांतून पोर्ट पुढे केले. हिने हात जोडले. मी ओठ ओले केले. रस आंबत असतानाच त्यात ब्रँडीसारखा अर्क घालून आंबणे थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते, असे भाचीने सांगितले. गोडी खरीच होती, पण माझे लक्ष त्या पडक्या बांधाकडे होते.

पोर्तोला कधी गेलात तर माझे एक ऐका. शहर पळून जात नाही. आधी आगगाडीत बसा, डोंगर पाहा आणि मग गायाच्या कोठारांत शिरा. तेथल्या अंधारात पिंपांच्या रांगा दिसतील, तेव्हा कुणाचे तरी आजोबा दगडावर दगड बसवताना आठवतील.