बर्फाची वाट सिंहगडावरून

पुण्याच्या शिवाजीनगर भागातील एका चौकाला लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. सिमला कोठे आणि पुणे कोठे! परंतु या नावामागे खरा इतिहास आहे. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले, आणि कार्यालयाबरोबर सिमल्याचे नावही पुण्यात येऊन राहिले. नाव आले, बर्फ मात्र आला नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. पुण्याच्या कडाक्याच्या थंडीचा हा उच्चांक. आणि त्या दिवशीही तो पारा पाणी गोठण्याच्या अंशाच्या वरच राहिला.

असे असूनही पुण्याच्या माणसाला बर्फाची ओढ मोठी. पिढ्यान्‌पिढ्या पुणेकर झेलम एक्स्प्रेसमध्ये बसून उत्तरेकडे गेले. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले. १९ मे २०१२ रोजी पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी तेच शिखर गाठले, आणि १५ मे २०१९ रोजी याच संस्थेचे दहा जण कांचनजंगेच्या माथ्यावर उभे राहिले. ज्या गावात बर्फाचा एक कणही पडत नाही, त्या गावच्या माणसांनी हे कसे साधले? याचे उत्तर हिमालयात सापडत नाही. ते सिंहगडाच्या पायवाटेवर सापडते. पाठीवर ओझे घेऊन सिंहगड पुन्हा पुन्हा चढावा आणि उतरावा, हा पुण्याच्या गिर्यारोहकांचा जुना परिपाठ आहे. बर्फावरचा प्रवास बर्फावर सुरू होत नाही. तो घरी, बर्फ दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

एव्हरेस्ट ही फार मोठी गोष्ट झाली. पण हाच नियम लहान सहलीलाही लागू पडतो. थंडीच्या दिवसांत काश्मीरमधील गुलमर्ग किंवा उत्तराखंडातील औली येथे अनेक मुले स्कीइंग शिकावयास जातात. स्की म्हणजे पायांतील बुटांना जोडावयाच्या लांब, अरुंद पट्ट्या. त्यांच्या आधाराने बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे, वळणे आणि हवे तेथे थांबणे, हा तो खेळ. गुलमर्ग येथे भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था असून तेथे हा खेळ पद्धतशीरपणे शिकविला जातो. दुरून पाहणाऱ्याला वाटते, उतारच तो, घसरण्यात काय कौशल्य? पण पहिल्याच दिवशी त्याला कळून येते, की घसरणे सोपे आहे. थांबणे अवघड आहे.

या सहलीची पहिली तयारी शरीराची. स्कीवर उभे राहणारा माणूस गुडघे किंचित वाकवून, अंग थोडे पुढे झुकवून उभा असतो. तासन्‌तास असे उभे राहण्याने मांड्या भरून येतात. दमलेले पाय ऐनवेळी वळत नाहीत, आणि पडण्याचा धोका वाढतो. म्हणून निदान दोन महिने आधी सराव सुरू करावा. पुण्याच्या मुलाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. पर्वतीच्या पायऱ्या आहेत, तळजाईची टेकडी आहे, आणि रविवारी सिंहगड आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गड चढताना दम वाढतो. परंतु स्कीइंगसाठी जे स्नायू लागतात, त्यांची खरी परीक्षा उतरताना होते. तेव्हा गड चढून गेल्यावर गाडीतून खाली येणाऱ्याने अर्धा सराव वरच टाकला असे समजावे. आठवड्यातून एक दिवस जिवाचा आटापिटा करण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक उपयोगी पडतो. थेंबे थेंबे तळे साचे, हे बळाच्या बाबतीतही खरे आहे.

दुसरी तयारी वस्त्रांची. थंडीचा प्रदेश म्हटला, की पुणेकर सर्वांत जाड स्वेटर शोधू लागतो. पण थंडी अडविण्याचे काम जाडीपेक्षा हवा अधिक करते. आजीची गोधडी आठवावी. जुन्या, पातळ लुगड्यांचे थरावर थर देऊन ती शिवलेली असते. त्या थरांमध्ये अडकलेली हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ती उबदार. बर्फात नेमकी हीच युक्ती वापरावी लागते. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारे पातळ वस्त्र, त्यावर लोकरीचे किंवा तत्सम उबदार वस्त्र, आणि सर्वांवर वारा व पाणी आत येऊ न देणारा अंगरखा, असे तीन थर पुरतात. उकडू लागले तर एक थर काढावा, गारठा वाढला तर पुन्हा घालावा. अंगालगत मात्र सुती कपडा नसावा. आषाढ-श्रावणात दोरीवर घातलेला सुती सदरा दोन दोन दिवस वाळत नाही, हे पुण्याच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तोच सदरा घामाने भिजून बर्फात अंगाला चिकटला, तर तो ऊब देण्याऐवजी अंगातील ऊब ओढून घेतो.

कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड आणि काळा चष्मा या वस्तू लहान दिसतात. त्यांच्यावाचून मात्र सहल फसते. हातमोज्यांचा एक जोड भिजणार, हे धरूनच चालावे. काळा चष्मा ऐटीसाठी नसतो. दर हजार मीटर उंचीमागे सूर्याचे अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी अधिक प्रखर होतात, आणि नुकताच पडलेला शुभ्र बर्फ त्यांपैकी सुमारे ८० टक्के किरण परत वर फेकतो. म्हणजे ऊन डोक्यावरूनही येते आणि पायांखालूनही येते. उघड्या डोळ्यांनी दिवसभर बर्फाकडे पाहणाऱ्याचे डोळे रात्री लाल होतात, त्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि काही काळ दिसेनासेही होते.

स्की, काठ्या, शिरस्त्राण आणि स्कीचे बूट विकत घेण्याची घाई नवख्याने करू नये. ते तेथे भाड्याने मिळतात. मात्र बूट निवडताना संकोच न धरता दोन-तीन जोड घालून पाहावे. टाच जागची हलू नये आणि बोटे आत हलवता यावीत, ही त्याची कसोटी. थंडी वाजेल म्हणून एकावर एक दोन मोजे चढवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. त्याने मोज्यांना चुण्या पडतात, पायाला फोड येतात, आणि बूट घट्ट होऊन रक्ताचा प्रवाह मंदावल्यामुळे पाय उलट अधिकच गार पडतात.

तिसरी तयारी उंचीची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, सिंहगडाचा माथा सुमारे १,३०० मीटरवर, आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तेथील विरळ हवेची ओळख होण्यास शरीराला अवधी लागतो. म्हणून पोहोचल्याचा पहिला दिवस विश्रांतीचा मानावा, तहान नसली तरी पाणी पीत राहावे, आणि धावपळ टाळावी. एखाद्याचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर त्याने ते शिक्षकांना ताबडतोब सांगावे. पुष्कळ मुले लाजेने किंवा सहल बुडेल या भीतीने असे दुखणे लपवितात. हे धैर्य नव्हे. पर्वतावर एकाने लपविलेले दुखणे थोड्या वेळाने साऱ्या तुकडीचे संकट बनते. त्याला खाली आणावयास दोघे लागतात, उरलेल्यांना थांबावे लागते, आणि तोवर दिवस मावळतो. आपली खरी स्थिती वेळेवर सांगणे हे तेथे सोबत्यांविषयीचे पहिले कर्तव्य ठरते.

यानंतर प्रत्यक्ष शिकण्याची वेळ येते. चांगला शिक्षक प्रथम पडावे कसे आणि उठावे कसे, हे शिकवितो. मग थांबावे कसे, ते शिकवितो. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर केली, की वेग कमी होतो. ही साधी युक्ती अंगवळणी पडेपर्यंत मोठ्या उताराकडे पाहूही नये. काही जण एका दिवसातच उताराला, बर्फाला आणि स्कींना नावे ठेवू लागतात. नाचता येईना अंगण वाकडे, हा अनुभव बर्फाच्या अंगणातही येतो! या खेळाला नीतीही आहे. आंतरराष्ट्रीय स्कीइंग महासंघाने १९६७ साली या खेळाच्या आचरणाचे दहा नियम घालून दिले. त्यांतील एका नियमाचा आशय असा, की मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशा बेताने आपली वाट निवडावी. वरून येणाऱ्याला खालचा दिसतो, खालच्याला वरचा दिसत नाही. ज्याला दिसते त्याने सांभाळावे, हा त्यातील न्याय शहरातल्या रस्त्यावरही शोभण्यासारखा आहे.

आणि सर्वांत शेवटची, पण सर्वांत कठीण तयारी मनाची असते. हिमालयातील हवामान कोणाच्या रजेकडे पाहून बदलत नाही. बर्फ पडून रस्ते बंद होतात, हिमस्खलनाचा इशारा मिळताच उतारही बंद केले जातात. म्हणून बेत आखतानाच दोन दिवस मोकळे ठेवावेत. महिनोन्‌महिने सराव केला, पैसे साठविले, दोन दिवसांचा प्रवास केला, आणि शिक्षक म्हणाले, “आज जावयाचे नाही,” तर मन हट्टाला पेटते. ज्याने बर्फाचे केवळ स्वप्न पाहिले, तो अशा वेळी शिक्षकांचा डोळा चुकवून दोरीपलीकडच्या कोऱ्या उताराकडे वळतो. अपघात घडतात ते तेथे. ज्याने खरी तयारी केली, त्याला मागे फिरणे जड जात नाही. आपण काय जाणतो याबरोबरच आपण काय जाणत नाही, हेही त्याला तयारीनेच शिकविलेले असते.

तयारी म्हणजे भित्रेपणा, अशी एक समजूत आहे. वस्तुतः भित्रा माणूस घरीच राहतो आणि उतावळा माणूस तसाच निघतो. तयारी करतो तो ज्याला जावयाचेही आहे आणि सुखरूप परतावयाचेही आहे. त्याच्या पिशवीतील जादा हातमोजे पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या उपयोगी पडतच नाहीत. ते पडतात आपले मोजे घरी विसरून आलेल्या एखाद्या सोबत्याच्या उपयोगी. गारठून गेलेल्या त्या हातांना ऊब मिळते, तेव्हा तयारीचे खरे मोल कळून येते.