पडद्यानेच सांगितला बिघाड

जुना घरगुती कॉम्प्युटर सुरू केला आणि टीव्हीवर रेघोट्या उमटल्या, की पहिला संशय टीव्हीवर जातो, दुसरा केबलवर. दोघांचाही दोष नाही हे कळेपर्यंत बहुतेकांचा धीर सुटतो आणि यंत्र पुन्हा माळ्यावर जातं. वर्ध्यात गेल्या उन्हाळ्यात दुरुस्त झालेला डीबी स्पेक्ट्रम प्लस असाच एका माळ्यावरून आला होता, आर्वीच्या मामांच्या घरून. दुरुस्ती चालली असताना मी शेजारी बसून होतो. जे पाहिलं ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

झेडएक्स स्पेक्ट्रम हा क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा कॉम्प्युटर इंग्लंडात एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आला. १९८४ मध्ये त्याची टणक कीबोर्डची 'प्लस' आवृत्ती निघाली आणि भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकली. प्रोग्रॅम कॅसेटवरून टेपरेकॉर्डरने भरायचा आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही वापरायचा. दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं असलं तरी पुष्कळ घरांत संच ब्लॅक अँड व्हाइटच होता. मामांकडेही तोच. या यंत्राचे पंधरा रंग त्यांनी कित्येक वर्षं करड्या छटांतच पाहिले.

दुरुस्ती करणारे भाऊ वर्ध्याच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करत म्हातारे झालेले. पिक्चर ट्यूबचा जमाना संपल्यावर दुकानात आता मिक्सर आणि कूलरचे पंप जास्त येतात. स्पेक्ट्रम त्यांनी कधी उघडला नव्हता, पण यंत्र हातात घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न अडॅप्टरचा विचारला. "पडद्याचं मग पाहू जी. याले वीज कोणती दिली, ते सांगा पहिले."

प्रश्न नेमका होता. माळ्यावरून काढल्यावर घरातल्या कुणीतरी वायफाय राउटरचा अडॅप्टर लावून पाहिला होता. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, पण त्याच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. आजच्या बहुतेक अडॅप्टरांत नेमकं उलट. पिन मात्र व्यवस्थित बसते, त्यामुळे लावणाऱ्याला शंकाही येत नाही.

भाऊंनी स्क्रू काढले, कीबोर्डच्या नाजूक पट्ट्या हळूच सोडवल्या आणि बोर्ड उघडा केला. आत पहिल्या १६ केबी मेमरीच्या आठ चिपा असतात, ४११६ नावाच्या. हीच मेमरी पडद्याची. या चिपेला एक नाही, तीन प्रकारची वीज लागते: १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट. बरोबर अडॅप्टर लावून भाऊंनी चिपेच्या एकेका पायावर मीटरची पिन टेकवली. नवव्या पायावर ५ व्होल्ट ठणठणीत होते. आठव्यावर १२ नव्हते, पहिल्यावर उणे ५ चा पत्ता नव्हता.

हे दोन्ही दाब बोर्डावरच, एका छोट्या गुंडाळीच्या आणि ट्रान्झिस्टरांच्या साह्याने तयार होतात. आकृतीत टीआर४ म्हणून दाखवलेला ट्रान्झिस्टर गेला, की दोन्ही एकदम जातात. स्पेक्ट्रम दुरुस्त करणारे जगभर सगळ्यांत आधी याच्याकडे पाहतात. उणे ५ बंद आणि बाकीचे चालू अशी स्थिती तर ४११६ साठी घातकच. म्हणून आधी वीज, मग चिप, हा क्रम कधीही मोडू नये.

नागपूरला सीताबर्डीत तो ट्रान्झिस्टर मिळाला नाही, ऑनलाइन मागवावा लागला. तो बसवल्यावर तिन्ही दाब परत आले. भाऊंनी टीव्ही लावला, आणि खरी मजा इथून पुढे आहे.

सुरू होताच स्पेक्ट्रम आपली मेमरी तपासतो. सगळीकडे २ हा आकडा भरतो आणि मग तो वाचून पाहतो. पडद्याची मेमरीही त्यात येते, म्हणून निरोगी यंत्रातसुद्धा क्षणभर पांढऱ्या चौकटीत काळा पडदा आणि त्यावर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात. रंगांच्या यादीत २ म्हणजे लाल. पडद्याच्या रुंदीत आठ-आठ ठिपक्यांचे ३२ चौकोन आणि प्रत्येकात एक रेघ, उजवीकडून दुसऱ्या ठिपक्यावर.

आमच्या टीव्हीवर मात्र प्रत्येक चौकोनात दोन रेघा होत्या. एक जिथे हवी तिथे, दुसरी अगदी डाव्या कडेला. शिवाय त्या पुसल्याच जाईनात, आणि सगळा पडदा उघडझाप करत होता: काळ्यावर लाल, लालवर काळं.

दोन वेगळे बिघाड वाटावेत असं ते दृश्य, पण दोष एकच होता. ४११६ ची प्रत्येक चिप बाइटमधला फक्त एक बिट सांभाळते. ठिपक्यांच्या बाइटमधला आठवा बिट म्हणजे चौकोनातला सगळ्यांत डावा ठिपका. रंगाच्या बाइटमध्ये तीन बिट अक्षराच्या रंगाचे, तीन मागच्या रंगाचे, सातवा उजळपणाचा आणि आठवा उघडझापीचा. आठव्या बिटाची चिप कायम १ वर अडकली, तर डाव्या कडेची रेघ आणि उघडझाप दोन्ही एकदम दिसणारच. कागदावर आकृती मांडून हे लक्षात आलं तेव्हा भाऊ खूश झाले. "म्हणजे पडदाच सांगून राहिला ना, कोणती चिप गेली ते!"

संशयित चिपेच्या पाठीवर चांगली चिप बसवून पाहण्याची एक युक्ती आहे. खालची चिप नुसती बंद पडली असेल तर ती चालते; एकाच आकड्यावर अडकलेली असेल तर वरचीलाही बोलू देत नाही. भाऊंनी तो नाद सोडला. बोर्डावरचे तांब्याचे माग चाळीस वर्षांचे, जास्त उष्णता लागली की सुटून येतात. म्हणून चिप अख्खी उपसण्याऐवजी त्यांनी तिचे पाय कटरने कापले, एकेक पाय सोल्डरिंग आयर्नने वेगळा काढला, भोकं साफ केली आणि तिथे सॉकेट बसवलं. असं हाताचं काम पाहायला मिळणं आता दुर्मीळ झालं आहे.

नवी चिप बसली, लाल रेघा क्षणभर चमकून गेल्या आणि पांढऱ्या पडद्याच्या तळाशी १९८२ सालची सिंक्लेअरची ओळ आली. मग 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' असा हिशेब यंत्राला विचारला. उत्तर ६५५३५ आलं, म्हणजे पूर्ण ४८ केबी मेमरी शाबूत. ३२७६७ आलं असतं तर वरची ३२ केबी गेली असं समजायचं.

पडद्याची ही भाषा बीबीसी मायक्रोलाही येते. १९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत तो बसवला गेला. त्यात फक्त मोड ७ मधली अक्षरं बिघडली आणि बाकी मोड ठीक असले, तर दोष एसएए५०५० या अक्षरांच्या चिपेकडे किंवा तिच्या आसपास शोधायचा.

आपल्याकडचा उन्हाळा अशा यंत्रांना सोसत नाही. नवतप्यात टिनाखालचा माळा भट्टीच असतो. तुमच्या घरी असा कॉम्प्युटर असेल तर तो आधी खाली, थंड कपाटात आणा. अडॅप्टरचे धन-ऋण मीटरने तपासल्याशिवाय वीज देऊ नका. आणि गावात जुने टीव्ही मेकॅनिक अजून दुकान उघडत असतील, तर यंत्र घेऊन त्यांच्याकडे यंदाच जा.