कितीला सुटलास?

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. ३१ वर्षं. त्यामुळे आमच्या घरातून माणसं निघत नाहीत, सुटतात. शुक्रवारी संध्याकाळी मी पुण्याहून साताऱ्याला आलो की गाडी अंगणात लावून हेल्मेट काढेपर्यंत ओट्यावरून आवाज येतोच, "कितीला सुटलास?" पाणीबिणी नंतर. आधी वेळ.

स्प्लेंडर होती तोवर या प्रश्नात काही अवघड नव्हतं. साडेपाचला सुटलो, आठला पोचलो. वारज्यापासून घरापर्यंत १०५ किलोमीटर, मध्ये शिरवळला एक चहा. आण्णा मनगटावरच्या घड्याळात बघायचे, मान हलवायचे. त्यांच्या हिशोबात ती वेळ बसायची. पुणे-सातारा त्यांनी इतक्या वेळा केलंय, की कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत किती मिनिटं लागतात हे त्यांना झोपेतही सांगता येईल. नुसतं सांगता येईल असं नाही, एकदा खरंच झोपेत "सुरूर फाटा, सुरूर फाटा" म्हणाले होते, असं आई सांगते.

ती स्प्लेंडर त्यांनी २००४ साली घेतली. तिच्यावरून आई डबलसीट दवाखान्यात गेली, मी पुढं टाकीवर बसून शाळेत गेलो, गॅसची टाकी आली, ज्वारीचं पोतं आलं, आणि एकदा तर आत्याच्या घरचं शिवणयंत्र आलं. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. सहा वर्षं मी ती चालवली. सिंहगड रोडच्या सिग्नलला शेजारी येऊन थांबणाऱ्या गाड्या बघत चालवली, असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

२०२१ मध्ये मी सेकंडहँड ड्यूक ३९० घेतली. २०१८ चं मॉडेल, १४ हजार किलोमीटर चाललेली, १,७५,००० रुपयांना. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरवायचा ३५ नंबरचा, आरटीओतले हेलपाटे, हे सगळं मी इतक्या आनंदानं केलं की एजंटलाच संशय आला असेल. ऑफिसात पेढे दिले. सगळे म्हणाले, "भारी अपग्रेड!" मलाही तसंच वाटत होतं. फोन बदलतो तसं. जुन्यात होतं ते सगळं नव्यात असणार, शिवाय अजून काहीतरी.

आकडे तसेच होते. स्प्लेंडरचं इंजिन ९७ सीसीचं, ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आत. हिचं ३७३ सीसी आणि ४३ हॉर्सपॉवर. म्हणजे पाचपटीहून जास्त ताकद, आणि वजन दुप्पटही नाही. पहिल्या दिवशी वारज्याच्या पुलाखालून हायवेला लागलो, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी परत कुणासमोर काढणार नाही.

गाडी घरी नेली त्या दिवशी मामानं विचारलं, हा कुठला प्रकार? मी शहाण्यासारखा बोलून गेलो, "नेकेड बाईक." क्षणभर शांतता. मग आण्णा म्हणाले, "म्हणजे नागडी." तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव नागडी. "नागडी आत घे, पाऊस येतोय."

खरं तर आपल्याकडं हा शब्द पोचायच्या आधीपासून गाड्या नागड्याच होत्या. राजदूत, येझदी, आरएक्स १००, आणि १९९४ पासूनची स्प्लेंडर. हेडलाईटवर फार तर छोटी टोपी, बाकी इंजिन, टाकी, चाकं सगळी उघडी. युरोपात गोष्ट उलटी झाली. तिथं रेसिंगच्या गाड्यांना वारा कापायला अंगभर प्लास्टिक चढलं होतं. पडलं की ते फुटायचं, आणि नवं घ्यायला खिसा रिकामा व्हायचा. मग ऐंशीच्या दशकात काही पोरांनी फुटलेलं प्लास्टिक काढून टाकलं, रुंद हँडल बसवलं आणि गाडी तशीच रस्त्यावर आणली. १९९२ साली कोलोनच्या प्रदर्शनात डुकाटीनं मॉन्स्टर दाखवली आणि तो अवतार कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये कायमचा शिरला. आता तीच नागडी गाडी चाकणला बनते, माझ्या खोलीपासून तासाभराच्या अंतरावर, आणि जगभर जाते.

सोबत राहायला लागल्यावर एकेक गोष्ट कळत गेली. स्प्लेंडरच्या चेनला पूर्ण झाकण होतं, सहा वर्षांत मी ती चेन धड बघितलीही नव्हती. हिची चेन उघडी. दर ५०० किलोमीटरला पुसा, ल्यूब मारा, दर पावसानंतर परत मारा. शेपूट तोकडं असल्यामुळे पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल सरळ पाठीवर. ॲव्हरेज स्प्लेंडरच्या निम्म्याहूनही कमी. आणि मागची सीट. आई गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "छान आहे रे. बसायचं कुठं?" मागचं चाक अर्धं तरी झाकलेलं पाहिजे असा आपल्याकडं नियम आहे, साडी अडकू नये म्हणून, ते साडी-गार्ड आधीच्या मालकानं केव्हाच काढून टाकलं होतं. असतं तरी त्या उंच, तळहाताएवढ्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसणं शक्य नव्हतं. आईनं लाडवांचा डबा माझ्या सॅकमध्ये टाकला. पोत्याचं नावही काढलं नाही. स्प्लेंडर मी साताऱ्याला ठेवून आलो.

वाऱ्याबद्दल मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. नागड्या गाडीवर तुम्ही ताठ बसता, छाती समोर. ८० पर्यंत शर्ट फडफडतो, मजा येते. १०० ला वारा हेल्मेट मागं ओढायला लागतो. १२० ला छातीवर कुणीतरी हात ठेवून ढकलतंय असं वाटतं. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० चा १२० केला की वेग दीडपट होतो आणि रेटा सव्वादोन पट. नवखा माणूस अशा वेळी हँडलला लोंबकळतो, मीही लोंबकळलो. गाडी डुलायला लागते आणि आपण दोष रस्त्याला देतो. टाकी गुडघ्यांनी धरायची आणि हात सैल सोडायचे, हे शिकायला मला दोन महिने लागले. दुर्दैवानं ते शिकलो आणि १२० सवयीचं झालं.

इथून खोटं बोलणं सुरू झालं.

पहिल्यांदा मी खरं सांगितलं होतं. "सहाला सुटलो." आण्णांनी घड्याळ बघितलं. सात पंचवीस. काही बोलले नाहीत, पण मान हलली नाही. नुसते गाडीकडं बघत राहिले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी विचारायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "साडेपाचलाच सुटलो आज, लवकर निघालो." मान हलली. इतकं सोपं होतं ते. मग दर आठवड्याला अर्धा तास. चारचौघात जाऊन बोलण्यासारखं हे पाप नाही, मला माहितीये. पण ३१ वर्षं विनाअपघात गाडी चालवलेला माणूस, ज्याच्या त्या सेवेचं प्रशस्तिपत्र देवघराशेजारी फ्रेम करून लावलंय, तो तुमच्या अर्ध्या तासावर विश्वास ठेवून आत जाऊन पाणी आणतो, आणि तुम्ही ते पिता. हे मी जवळजवळ वर्षभर केलं.

आणि वाचवलेल्या अर्ध्या तासाचं काय केलं? ओट्यावर बसून रील्स बघितली.

जानेवारीतली गोष्ट. ऑफिसात उशीर झाला, आठ वाजून दहा मिनिटांनी सुटलो. गाडी आता पाठ झाली होती, खंबाटकी घाटाची वळणंही पाठ झाली होती. घाट उतरून सुरूर मागं पडलं, रस्ता सरळ झाला, मी १२० च्या आसपास. चारपदरी हायवेला मोटरसायकलची मर्यादा ८० आहे, हे मला माहीत होतं. भुईंजच्या अलीकडे एकदम वास आला. ओल्या, नुकत्या तोडलेल्या उसाचा. उघड्या गाडीवर वास असे पट्ट्यापट्ट्यांनी येतात, कुठं शेण, कुठं तळण. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला जानेवारीत उसाचा वास आल्यावर काय समजायला पाहिजे? मी काहीच समजलो नाही. छान वाटलं, एवढंच.

मग उजेडात ऊस आला. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वेग असेल २० चा. पाचटाची भिंतच रस्त्यात उभी होती. दोन्ही ब्रेक दाबले. एबीएसची थरथर बोटांना जाणवत होती आणि भिंत जवळच येत होती. डावीकडं कडेला जेमतेम जागा होती, तिथं घातली. उसाचे शेंडे हेल्मेटवरून आणि उजव्या खांद्यावरून सरसरत गेले. तो आवाज हेल्मेटच्या आत फार मोठा असतो.

पुढं जाऊन थांबलो. स्टँड लावता येईना, पाय लटपटत होते. मागून ट्रॅक्टर आला, त्यावर कुठलंसं गाणं मोठ्यानं लावलेलं होतं. ड्रायव्हर पोरगंच होतं. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही, आपल्या गतीनं निघून गेला. मला राग यायला हवा होता. दिवा नसलेली ट्रॉली रात्री हायवेवर आणणं हा गुन्हाच आहे. पण तिथं उभा राहून मी मनातल्या मनात एक वेगळंच वाक्य जुळवत होतो : "साडेसातला सुटलो."

घरी पोचलो तेव्हा नऊ पंचवीस झाले होते. त्यात दहा मिनिटं रस्त्याकडेला उभा होतो. आण्णा ओट्यावरून उठून गाडीजवळ आले. उजव्या आरशाच्या दांडीत उसाचं एक लांब पान अडकलं होतं, मी बघितलंच नव्हतं. त्यांनी ते हळूच ओढून काढलं, बोटाभोवती गुंडाळलं. मग विचारलं, "कितीला सुटलास?"

"आठ दहा."

त्यांनी घड्याळ बघितलं. ते मनात गावं मोजतायत हे मला दिसत होतं. शिरवळ, खंडाळा, घाट, सुरूर, पाचवड, आनेवाडी. मग मी बाकीचंही सांगून टाकलं. वर्षभराचे अर्धे तास. सगळे नाही आठवत, पण आठवले तेवढे.

ते रागावले नाहीत. मला वाटलं होतं, किल्ली काढून घेतील. म्हणाले, "रात्री दिव्याच्या उजेडात गाडी थांबली पाहिजे. थांबत नसंल तर तू आंधळा चालवतोयस." आणि आत गेले. जेवताना विषय नाही.

नंतर मी कागदावर मांडून बघितलं. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. बघून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा. मग कोरडा रस्ता, चांगले टायर, सगळं चांगलं धरलं तरी थांबायला साधारण ७० मीटर. एकूण शंभरच्या वर. लो बीमचा कामाचा उजेड पन्नासेक मीटर. ८० ला हाच हिशोब २२ अधिक ३१, म्हणजे कसाबसा उजेडाच्या काठावर. आण्णांना वर्ग-बिर्ग माहीत नाहीत. ३१ वर्षं ते या कागदावरच चालवत होते.

गाडी मी विकली नाही. असं काही झालं की विकावी, असं लिहायची पद्धत आहे. मला ती विकावीशी वाटली नाही. मागच्या महिन्यात चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलले, साडी-गार्डही बसवून घेतलं. मित्र हसले. दिवसा ८०-९० ला ती गुरगुरत असते, पुढं आणखी काय आहे ते तिला आणि मला दोघांनाही माहीत असतं. आता साताऱ्याला पोचायला पावणेदोन तास लागतात, चहा धरला तर दोन.

दिवाळीत आण्णा अचानक म्हणाले, "वाढे फाट्यापर्यंत सोड मला." स्प्लेंडर दारातच उभी होती. मी तसं म्हणालोही. म्हणाले, "नागडीवर." गुडघे दुखतात त्यांचे, ओट्याच्या पायरीवरून कसेबसे चढले. मागं बसल्यावर माझ्या डोक्यापेक्षा वर त्यांचं डोकं. धरायला नीट काही नाही, म्हणून एक हात माझ्या खांद्यावर. मी स्टार्टर मारला आणि थांबलो, त्यांचं बसून झालं की नाही कळेना. मागून खांद्यावर दोन टिचक्या पडल्या. कंडक्टरची डबल बेल.

६० च्या वर नेली नाही. गावाबाहेर लागल्यावर परत दोन टिचक्या पडल्या. ७० केली. अजून दोन. ८० ला हात खांद्यावर नुसता टेकून राहिला.

फाट्यावर उतरायला त्यांना वेळ लागला. माझ्या पाठीला धरून एक पाय खाली टेकवला, मग दुसरा, मग गुडघा चोळत थोडा वेळ उभे राहिले. वाकून पुढच्या चाकाची डिस्क बघितली.

"सीट काय कामाची नाय," म्हणाले. "ब्रेक बरे आहेत."