बाबांच्या गाडीचं ऑइल

बाबा गेल्यावर त्यांची मोटरसायकल माझ्याकडे आली. पहिलं ऑइल मीच बदललं: काकाच्या कारचं उरलेलं, सिंथेटिक. महाग म्हणजे चांगलंच असणार ना! दिवे घाटात रेस वाढली, वेग वाढेना. मागून आई म्हणाली, "दमली का रे गाडी?"

क्लच घसरत होता. मोटरसायकलचा क्लच बहुतेक वेळा इंजिन ऑइलमध्येच बुडलेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी प्लेटांची पकड सुटते. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' बघायचं, ग्रेड मॅन्युअलमधली. आमच्या गाडीला 20डब्ल्यू-40.

मॅन्युअल साइड कव्हरमागे पिशवीत सापडलं. मागच्या पानावर बाबांच्या अक्षरात प्रत्येक ऑइल बदल, तारीख, किलोमीटर. त्याखाली मी दोन ओळी लिहिल्या. कारच्या ऑइलचीही.